आतून की बाहेरून

रिओ गायेगोसमध्ये, टायरच्या दुकानावर माझी खोली.
खाली पंक्चर, वर भाषांतर:
दोन्ही धंदे भोकं बुजवण्याचेच, असं खालचा एबेर्तो म्हणतो.

दोन्या ओफेलियानं बिस्किटांच्या डब्यातून
आठ पत्रं आणली, लोकरीचा वास धरलेली.
तिची आजी जॅनेट, स्कॉटलंडहून या माळावर आलेली,
बहिणीला इंग्रजीत लिहायची.
नातीला इंग्रजीतलं फक्त गुडबाय येतं.
शब्दामागे दर ठरला. तिनं घासाघीस केली नाही,
तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

सात पत्रं सुरळीत गेली.
मेंढ्या, खरूज, पीठ, वारा, पुन्हा वारा.
आठव्यात, एकोणीसशे एकोणीसच्या जूनमध्ये, एकच ओळ:
छोट्याला आम्ही कॉर्नरला ठेवलं.
आणि लगेच पुढे सरपणाचा भाव.

कॉर्नर.
इंग्रजीचं बरं आहे, कुणी तिला जागा विचारत नाही.
आमची भाषा मात्र दारातच अडवते:
तू कुठे उभी आहेस, बाई?
बाहेर असशील तर एस्किना,
जिथे बस वळते, वारा टोपी पळवतो,
जिथे दोघांचं भेटायचं ठरतं आणि एकजण येत नाही.
आत असशील तर रिंकोन.
तिथे झाडू उभा असतो, मांजर वितं,
वर्गात बोललेलं पोर भिंतीकडे तोंड करून
फरशीच्या भेगा मोजत असतं.

तार तीच, खांब तोच,
पण मेंढीला तो रिंकोन
आणि कोल्ह्याला एस्किना.

तिन्ही शब्दकोश उघडले.
तिघांनी दोन्ही शब्द दिले आणि हात झटकले.
शेजारचं अव्ययही कच्चं निघालं:
आत म्हणेना, बाहेर म्हणेना,
नुसतं आसपास घुटमळत राहिलं.

दोन्या ओफेलियाला फोन केला.
'दगड बसवायचाय,' ती म्हणाली, 'म्हणून तर.
आजोबांनी बावन्न साली कुंपणापलीकडचं रान विकलं.
आत असेल तर माझा.
बाहेर असेल तर परवानगी मागावी लागेल,
नुसतं बघायचीसुद्धा.'
'आणि ते जुनं कुंपण?'
'कुंपणानं शेत खाल्लं असतं तरी चालतं.
आमचं कुंपणच वाऱ्यानं खाल्लं.'

नियमानं पाहिलं तर एस्किना.
उघडा माळ, ना भिंत, ना छप्पर.
टाइप केलं. वाचलं. कागद काढून ठेवला.
खाली एबेर्तोनं शटर ओढलं.

मग आठही पत्रं शेजारी शेजारी मांडली,
वाचायला नव्हे, अशीच.
पहिल्या सातांत ओळी तिरप्या, चढत गेलेल्या,
कागद सरकलेला,
धरायला दुसरा हात नसावा तसा.
एका ठिकाणी शाईत उमटलेलं बोट,
माझ्या करंगळीच्या पेराहून लहान.

आठव्यात ओळी सरळ.
आखल्यासारख्या.

मी डावा हात दुमडून पाहिला.
बाहेरून कोपर: हाड, ढोसायला, वाट काढायला.
आतून
एक डोकं मावेल एवढी जागा.

रिंकोन लिहिलं.
खाली टीप द्यायला हवी होती. दिली नाही.

दोन्या ओफेलियानं उभ्या उभ्या वाचलं.
'म्हणजे आत?'
'दगडाचं मला ठाऊक नाही,' मी म्हणाले.
ती बराच वेळ त्या शब्दावर नख ठेवून होती.
'या एकाचे किती?'
सगळ्यांना दर सारखाच, सांगितलं:
खरूज, सरपण, हा.

तिनं मोजून दिले, सुट्ट्यांसकट.
जिना उतरली तेव्हा एबेर्तो
ट्यूब पाण्यात बुडवून
बुडबुडा कुठून येतो ते पाहत होता.